भाता कोणी मारला

कातानिया शहरात ओराझिओ न्हाव्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता. हात हलका, जीभ त्याहून सैल. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासताना तो संगीतकार बेल्लिनीच्या चाली गुणगुणायचा आणि मधेच वस्तरा थांबवून म्हणायचा, "हा पोरसवदा असताना चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा ना, तेव्हा मागे भाता मारायला मी! वारा कमी पडला की टाचेनं फळीवर तीनदा ठोकायचा. आणि गाव सोडून निघाला, तेव्हा मला मिठी मारली त्यानं!"

गिऱ्हाईक खूश. बेल्लिनी म्हणजे गावाचा जीव. अठराव्या वर्षी नेपल्सला गेला, तेहेतिशीत पॅरिसजवळ वारला, पण मागे अशा लांबलचक चाली ठेवून गेला की धोबिणी त्या एका दमात म्हणायच्या पैजा लावत.

गोष्ट खरी होती, पण ओराझिओची नव्हती. भाता मारायचा तो त्याचा थोरला भाऊ बियाज्यो. तो मासेमारीची जाळी विणायचा आणि चार शब्दांत दिवस काढायचा. एकदा तापात त्यानं धाकट्याला हे सांगितलं, तेवढंच. ओराझिओ सुरुवातीला 'माझा भाऊ' असंच सांगे. ऐकणारा नुसती मान हलवी. एकदा 'मी' म्हणून बघितलं, तर माणूस खुर्चीत वळून बसला. तेव्हापासून मीच.

१८७६च्या सप्टेंबरात बेल्लिनीची शवपेटी एक्केचाळीस वर्षांनी पॅरिसहून घरी आली. सज्जे फुलांनी भरले. स्वागत समितीचे चिटणीस सिन्योर फेर्दिनांदो दुकानात आले. "सिन्योर ओराझिओ, मिरवणुकीत तुम्ही पेटीच्या मागे चालायचं."

बियाज्यो कोपऱ्यात निवडुंगाची बोंडं सोलत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. ओराझिओच्या घशात 'नाही' आलं होतं. तोंडातून निघालं, "माझं भाग्य!"

छातीवर फीत लावून तो चालला. गर्दीत दोरीपलीकडे बियाज्यो उभा होता. पेटी पुढून गेली तेव्हा त्यानं टोपी काढली आणि मागून भाऊ आला तरी डोक्यावर घातली नाही. ओराझिओनं नजर खाली वळवली.

दुसऱ्या दिवशी समिती त्याला घेऊन त्या जुन्या चर्चमध्ये गेली. "दाखवा की, कसा मारायचात!"

ओराझिओनं दांडा धरला आणि धसकन खाली ओढला. ऑर्गननं उचकी दिली, किंचाळला, गप्प झाला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. दांडा सावकाश सोडायचा असतो, हे त्याला कुठून ठाऊक? लोकांनी डोळे पुसले. "वय झालं हो बिचाऱ्याचं!" टाळ्या पडल्या. वाजवायला बसलेला ऑर्गनवाला मात्र मागे वळला आणि त्याच्याकडे एकटक बघत राहिला. ओराझिओचे कान तापले.

घरी येऊन तो भावासमोर उभा राहिला. "दादा, मी तुझं चोरलं."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?"

बियाज्यो जाळ्याची गाठ आवळत म्हणाला, "तू सांगायचास तेव्हा मला तो पुन्हा दिसायचा. शेवटी मिठी मारली म्हणतोस, तेवढं नको सांगत जाऊ. मारली नव्हती."

ओराझिओला वाटलं, यापेक्षा थोबाडीत बसली असती तर बरं.

सकाळी त्यानं दुकानात सगळ्यांसमोर कबूल केलं. लोक हसले. "पुरे झाला नम्रपणा, सिन्योर ओराझिओ!" चिटणिसांकडे गेला, तर ते चिडले. "पेपरात छापून आलंय. आता गावाची शोभा करता का?" दुकानात कुणीतरी ते कात्रण चौकट करून टांगलं. त्यानं काढलं, दुसऱ्यानं दुसरं आणून लावलं. त्याचं गुणगुणणं बंद पडलं.

त्याच हिवाळ्यात बियाज्यो गेला. प्रार्थनेनंतर पाद्री म्हणाले, "ज्यांनी बेल्लिनीसाठी भाता मारला, त्या आपल्या ओराझिओंचे हे थोरले बंधू..."

ओराझिओ उभा राहिला. "मी नाही, फादर! हा! हा मारायचा भाता!" त्याचा आवाज फाटला.

शेजारच्या बाईनं त्याचा दंड धरून हळूच खाली बसवलं. "दुःखानं असं होतं," ती मागच्यांना म्हणाली. ओराझिओ टोपी हातात चुरगाळत बसला आणि पेटी उचलेपर्यंत त्याला मान वर करता आली नाही.