घर टांगायचा बोल्ट

"मास्तर, याच्यावर घर टांगता आलं पायजे," असं म्हणत आमच्या गल्लीतले काका भिंतीत अंगठ्याएवढा जाड बोल्ट बसवायचे. तुम्ही त्यांना फक्त कॅलेंडरसाठी बोलावलेलं असलं, प्लास्टिकची गिट्टी आणि एका स्क्रूवर भागणार असलं, तरीही! मग चप्पल काढून दोन्ही हातांनी बोल्ट धरायचे, पाय दुमडायचे आणि क्षणभर लोंबकळायचे. "हाय, घट्ट हाय," म्हणायचे आणि चहा मागायचे.

मूळचे कुडपणचे, नोकरी संपल्यावरही महाडातच राहिले. पोरं त्यांना बोल्टकाका म्हणत. हसा तुम्ही. पण सावित्रीचं पाणी गल्लीत शिरलं की तांदळाची गोणी, मिक्सर, पोरांची दप्तरं, सगळं त्याच बोल्टांना अडकवून आम्ही गच्चीवर पळायचो. पाणी ओसरल्यावर पहिला भात त्या गोणीतला.

तर, माझ्या मुलीला बघायला पोलादपूरहून पाहुणे येणार होते. बैठकीतला तो गंजका बोल्ट मला एकदम नकोसा झाला. बायको माहेरी गेलेली. मी लोखंड कापायच्या करवतीने बोल्ट उडवला, वर पुट्टी लिंपली, रंग मारला आणि तिथेच चिकटवायचा हुक लावून जाड चौकटीचा आरसा टांगला. हुकाच्या पाकिटावर हत्तीचं चित्र होतं. मी हत्तीवर विसंबलो. बायको परतली तेव्हा आरशाने माझी कारागिरी झाकलेली होती.

पाहुण्यांनी पोह्यांचा पहिला घास घेतला आणि आरसा खाली आला. आवाज ऐकून काका शेजारून धावत आले.

"काका, तुमचाच ना हो बोल्ट?" बायको त्यांच्यावर घसरली.

काकांनी भिंतीकडे पाहिलं. काचांमधून रंगाच्या पापुद्र्यासकट तो हुक उचलला आणि गुपचूप खिशात टाकला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझाच गो बाय. वय झालं. हात नाय राहिला पयल्यासारखा."

"आणि म्हणे घर टांगणार!" दारातून एक शेजारी ओरडला. सगळे हसले. मीही हसलो. तोंड उघडायची तेवढीच संधी होती, मंडळी, ती मी दात दाखवण्यात घालवली.

त्यानंतर गल्लीत काकांना कोणी बोलावेना. पावसाळ्याच्या तोंडावर मुलगा त्यांना कायमचं मुंबईला न्यायला आला. निघायच्या सकाळी काका ड्रिल घेऊन माझ्या दारात उभे. आत आले, जुन्या जागेच्या जरा वर भोक पाडलं, नवा बोल्ट आवळला.

"लोंबकळा ना काका," मी कसंबसं म्हटलं.

"आता तुमीच बगा, मास्तर. पानी येल तवा मी नाय हितं."

मी चप्पल काढली. बोल्ट धरला, भिंतीकडे तोंड करून पाय दुमडले. बोल्ट तसूभरही हलला नाही. तोंड भिंतीकडे असल्यामुळे असेल, जीभ सुटली.

"काका, त्या दिवशी आरसा पडला ना, तो..."

मान वळवली. लादीवर चिऱ्याची लाल भुकटी, आणि तिच्यात दाराकडे गेलेली पावलं. बाहेर रिक्षा सुरू झाली. मी अजून लोंबकळतच होतो.