माझ्या गावची गयाबाई

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बहिणीला सांगायला एकदा तोंड उघडलं होतं, आणि भलतंच काहीतरी बोलून गेले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

सेलूच्या एका शाळेत मी इतिहास शिकवायचे. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदनानंतर भाषण कोणाचं? माझंच. दरवर्षी. रझाकारांचा जुलूम, निजामाची शरणागती... आवाज असा चढवायचे की मागची पोरंसुद्धा गप्प व्हायची. लोक बाजारात थांबवून म्हणत, "बाई, अंगावर काटा आला." हे ऐकायची मला सवय झाली होती. सवय — की भूक?

मग वैशाली आली, मराठी शिकवायला. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, माझ्याहून बरीच लहान. रविवारी स्कूटीवर खेडी पालथी घालायची, म्हाताऱ्या माणसांजवळ बसायची. एका सोमवारी स्टाफरूममध्ये तिनं गयाबाईची गोष्ट सांगितली.

रझाकारांच्या दिवसांत गयाबाई परकरी पोर होती. शिवारात लपलेल्या लढणाऱ्या माणसांना भाकरी पोचवायची — टोपल्यात खाली भाकरी, वर गोवऱ्या. वेशीवर शिपाई सगळ्यांची गाठोडी उलटी करत. हिच्या टोपल्याला मात्र हात लावत नसत. महारवाड्यातली पोर, तिला कोण शिवणार? आणि ती लपलेली माणसं? भुकेपोटी भाकरी घ्यायची. पण पाणी तिच्या हातचं नाही. पकडलं जायची भीती असली तरी पाण्यासाठी ती माणसं विहिरीवर स्वतः जायची.

"आणखी लय हाय, ते शाळेत लेकरांपुढं सांगते," असं गयाबाईनं वैशालीला म्हटलं होतं.

सगळ्यांचा चहा तसाच थंड झाला. आणि मी काय पाहत होते? एवढी शांतता माझ्या भाषणाला कधी मिळाली होती का, ते.

गयाबाई माझ्याच माहेरची. बुद्धविहारामागे घर. लहानपणी मी रोज त्या घरावरून शाळेत जायचे. आम्ही पाटलांच्या आळीतले — तिला काही विचारावं, हे मला कधी सुचलंच नाही. मला लाज वाटायला हवी होती, नाही? वाटली नाही. जळफळाट झाला. माझं गाव, माझा विषय — आणि ही कालची पोर!

मुख्याध्यापकांनी ठरवलं, यंदा भाषण नको, गयाबाईच बोलतील. वैशालीला मुलांची गाणी बसवायची होती. मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, गाव तुमचं. तुम्हीच घेऊन या त्यांना."

झेंडावंदनाच्या सकाळी मी ऑटोनं गेले. ऑटो पाराजवळ उभा केला आणि एकटी चालत गेले. वाटेत काही ठरवलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण ठरवलं होतं.

गयाबाई ओट्यावर बसली होती. धुवट लुगडं, केसांना तेल, पायात सुनेच्या चपला.

"या बाई. मी कवाची तयार हाय. लय लोक येनार हायेत का?"

"कार्यक्रम रद्द झाला, मावशी."

तिनं चपला काढून भिंतीशी नीट ठेवल्या.

"बरं. त्या स्कूटीवाल्या लेकराला सांगा, गयाबाई तयार होती म्हनून. न्हाईतर तिला वाटंल, म्हातारी भ्याली."

शाळेत येऊन मी वैशालीला बाजूला घेतलं. म्हणाले, "त्या नाही म्हणतात गं. उगाच मला लोकांत ओढलं म्हणून रडत होत्या. आता परत जाऊ नकोस त्यांच्याकडे." तिचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं, ताई," एवढंच बोलली.

भाषण मीच केलं. 'आमच्या गावची एक अनाम मुलगी' म्हणून गयाबाईचीच गोष्ट सांगितली. पाण्याचा भाग गाळला. टाळ्या खूप पडल्या. वैशालीही वाजवत होती.

पुढं कित्येक महिने धास्ती होती — वैशाली तिकडे गेली तर? गेली नाही. म्हातारीला त्रास नको म्हणून गेली नाही. मी वाचले ते तिच्या या भलेपणामुळे. गयाबाईकडे मी स्वतःही गेले नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती वारली. सांगायचं राहिलेलं काय होतं, कोणालाच ठाऊक नाही. सुनेलाही नाही; ती गेल्यावर मी विचारलं होतं.

बातमी कळली तेव्हा वैशाली माझ्याजवळ येऊन रडली. म्हणाली, "तुम्ही मला अडवलंत ते बरं झालं, ताई. नाहीतर मी आणखी दुखावलं असतं त्यांना."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ती शांत झाली.