डाव्या बुटाची फक्की

मी चोवीस वर्षं पोरींना पळायला शिकवलं. त्यातली एकच देशाच्या संघापर्यंत पोचली, आणि तिचं जे झालं ते माझ्यामुळे झालं. हे कबूल करायला मला आठ महिने लागले. कबूल केलं की मन हलकं होतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः करून बघावं.

आमची शाळा पडेगावच्या बाहेर, दौलताबाद रस्त्याला लागून. मैदान मुरमाचं. चारशे मीटरचा ट्रॅक त्यात मावत नाही, म्हणून दोनशेचा आखायचा. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि दोरीच्या कडेनं पांढऱ्या फक्कीच्या रेषा ओढायच्या. हे काम मी शिपायाला कधी करू दिलं नाही. त्यानं ओढलेली रेष म्हणजे नांगरट. वळणावरच्या रेषा तर मी उकिडवी बसून हातानं नीट करायची.

वळणावर आतल्या रेषेच्या जितकं जवळून पळाल तितकं अंतर वाचतं. पोरींना हे तोंडानं सांगून कळत नव्हतं, म्हणून मी एक युक्ती काढली. सराव संपला की सगळ्यांना रांगेत उभं करायचं आणि डावा बूट बघायचा. बुटाच्या आतल्या कडेला फक्की लागलेली असली तर शाबास. बूट कोरा असला तर आणखी दोन फेऱ्या. रेषेवर पाय पडला तर बाद करतात, हा नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. परीक्षेत लिहूनच पास झाले होते. पण आमच्या तालुक्या-जिल्ह्याच्या स्पर्धांत दुपारपर्यंत फक्की उडून जायची, आणि वळणावरचा पंच कुठंतरी सावली धरून बसलेला असायचा. जी रेष दिसतच नाही तिच्यावर पाय दिला म्हणून कोण कुणाला बाद करणार? माझ्या पोरी ढाली आणायच्या आणि मी नाकानं कांदे सोलत फिरायची.

ही पोरगी आठवीत माझ्याकडे आली. वडील मूळचे वैजापूरकडचे. गावाकडची शेती भाऊ बघतो, हे इथं कंपनीची बस चालवतात. पोरगी अबोल. पण सांगितलेलं इतकं मनावर घ्यायची की तिचा डावा बूट नाडीपर्यंत पांढरा व्हायचा. जादा फेऱ्या तिला एकदाही माराव्या लागल्या नाहीत. रविवारी वेरूळला जाणाऱ्या गाड्यांच्या कडेनं आम्ही लांब पळायला जायचो, तेव्हाही ही आपली रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीला धरून. मी बाकीच्यांना म्हणायची, बघा, शहाण्याला शब्दाचा मार.

ती राज्याच्या संघात गेली, मग देशाच्या रिलेच्या शिबिरात. शिबिरातून तिचा एकदा फोन आला.

"मॅडम, इथले सर म्हणतात माझा डावा पाय वळणावर रेषेवर पडतो. बदल म्हणतात. काय करू?"

त्या दिवशी माझा एका सभागृहात सत्कार झाला होता. खांद्यावरची शाल अजून उतरवली नव्हती. मला राग आला. मी घडवलेली पोर, आणि तिथले लोक तिच्यात खोट काढतात!

"आजवर कुणी बाद केलं का तुला?" मी म्हटलं. "आता पाय बदलायला जाशील तर आहे तो वेगही घालवून बसशील. शिकवलंय तसं पळ."

"बरं मॅडम," ती म्हणाली.

पुढच्याच वर्षी आशियातल्या देशांची स्पर्धा आली. परदेशात होती, आपल्याकडे संध्याकाळी टीव्हीवर दिसायची. आपल्या संघाचे दिवस कोरडेच चालले होते. कुणी पाचवं, कुणी सातवं, एकाचा पाय आखडला म्हणून तो अर्ध्यातच बसला. शेवटच्या दिवशी मुलींची चार गुणिले चारशेची रिले होती, आणि आशा म्हणावी अशी तेवढीच उरली होती. पहिला टप्पा आमच्या पोरीचा. मी तिच्या घरी गेले होते. बाहेरच्या खोलीत अख्खी गल्ली बसलेली, दारात चपलांचा ढीग.

ती सुटली ती जशी आमच्या मैदानावर सुटायची तशीच. बॅटन तिनं तिसऱ्या नंबरवर दिलं आणि शेवटच्या मुलीनं तो नंबर टिकवला. कांस्यपदक! खोलीत गलका झाला, तिच्या आईनं माझ्या तोंडात साखर कोंबली, बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. टीव्हीवर चौघी तिरंगा पांघरून उभ्या होत्या. तिचे वडील डोळे पुसत मला म्हणाले, "मॅडम, हे समदं तुमचं बरं का." मी नाही म्हटलं नाही.

मग पडद्यावर निकालाची यादी आली आणि तिसऱ्या जागी दुसराच देश होता. आपण तळाला, बाद. बोलणाऱ्यानं सांगितलं की पहिल्या धावपटूचा पाय वळणावर रेषेवर पडला. एकदा पडला असता तर माफ होतं, पण तीनदा पडला. ते पुन्हा सावकाश दाखवलं. डावा पाय, रेषेवर, जागेवरून जराही न ढळता तीनदा. ते पाऊल मी कुठंही ओळखलं असतं.

गलका थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण त्या खोलीत यातलं कळणारी मी एकटीच.

"कसं काय झालं हो मॅडम हे?" वडिलांनी विचारलं.

"घाबरली असेल," मी म्हटलं. "मोठं मैदान, दडपण येतं."

हे बोलायला मला एक क्षणही लागला नाही. आजही त्याचीच लाज सगळ्यात जास्त वाटते. विचार करून खोटं बोलले असते तर निदान विचार केला होता असं तरी म्हणता आलं असतं.

तिच्याबरोबरच्या तिघींचंही पदक गेलं. पुढच्या शिबिराच्या यादीत तिचं नाव नव्हतं. ती घरी आली आणि तिच्या आधीच 'घाबरली' हा शब्द घरी येऊन बसला होता. वडील माणूस वाईट नव्हे, पण कुणी विचारलं की सांगायचे, "पोरगी घाबरली हो. काळीज बारीक तिचं." वैजापूरकडच्या लग्नकार्यांतही तेच. तिच्या देखत. तिनं पळणं सोडलं आणि मोबाइलच्या एका दुकानात कामाला लागली. सकाळी रिक्षाची वाट बघताना दिसायची. "नमस्कार मॅडम," म्हणायची. मी म्हणायची, ये की मैदानावर. "बघते मॅडम." मी बूट बघणं बंद केलं होतं. का बंद केलं ते नव्या पोरींना सांगितलं नाही.

एक दिवस तिचे वडील शाळेत आले. पोलिस भरती निघाली होती, खेळाडूंसाठी जागा होत्या, आणि पोरगी अर्ज भरायचा म्हणून हट्टाला पेटली होती.

"मला नाय वाटत तिला जमंल," ते म्हणाले. "घाबरणारी पोर पोलिसात काय करील? तुम्हीच म्हणला व्हता ना मॅडम. तुम्ही भर म्हणलं तर भरू देतो."

आता तरी बोलायचं की नाही? समोर माणूस विश्वासानं उभा होता. विचार करून सांगते म्हटलं. त्या विचाराला मी नऊ दिवस लावले. रोज ठरवायची, रोज चोवीस वर्षांच्या ढाली आठवायच्या.

दहाव्या दिवशी, रविवारी, गेले. वडील घरीच होते. ती खाली बसून मेथी निवडत होती. मी चहाला नको म्हटलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फक्की, बूट, फोन, मी दिलेलं उत्तर. ती घाबरली नव्हती, मी शिकवलं तसंच्या तसं पळाली, असंही सांगितलं. आणि म्हटलं, आजच अर्ज भरा.

"मुदत शुक्रवारी संपली," ती म्हणाली. मान वर केली नाही.

वडील माझ्याकडे बघतील, दोन शब्द सुनावतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते तिच्याजवळ जाऊन खाली बसले.

"आठ महिने मी साऱ्या गावाला सांगत फिरलो गं, पोरगी घाबरली म्हणून. तू का नाय बोललीस?"

तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"मला वाटलं, मॅडम सांगतील."