तळपायाची तीट

बाळंतपणाला कधी कोणी सासरा पाठवतं का? आमच्या घरात पाठवला. ठरलं होतं वेगळंच. आठवा संपता संपता आमची मंडळी सिंगापूरला जाणार, आणि डिंकाचे लाडू, अळीव, शेक सगळं तीच बघणार. पण न्हाणीत पाय घसरून तिचा हात मोडला, आणि तो प्लास्टरात गेला त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. पोरगी सातव्यातच झाली, काचेच्या पेटीत ठेवलीय. विहीणबाईंचा पासपोर्ट निघालेला नव्हता. माझा निघालेला होता. म्हणून मी गेलो.

मुलाच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये पहिल्याच दिवशी कळून चुकलं की माझा इथं काडीचा उपयोग नाही. स्वयंपाक येत नाही, इंग्रजी येत नाही. शाळा चौथीपर्यंत, पुढं सगळं आयुष्य साखर कारखान्याच्या बॉयलरवर. मुलाची रजा संपली होती, तो सकाळीच रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात जायचा. सूनबाईचं पोट फाडून बाळंतपण झालेलं. ती दर तीन तासांनी खोलीचं दार लावून घ्यायची, आतून मशीनची घरघर यायची, आणि मग फ्रिजमध्ये एक बाटली वाढलेली दिसायची. त्याबद्दल आम्ही दोघं चकार शब्द बोलत नव्हतो. सासऱ्याशी दुधाचं काय बोलणार? ती एवढंच म्हणायची, "मामंजी, पिशवी ठेवलीय." मी म्हणायचो, "हं." ती बर्फाची निळी पिशवी मांडीवर घेऊन मी रोज सकाळी बसने हॉस्पिटलात जायचो. बॉयलरवर माझ्या हाताखाली अकरा माणसं होती. इथं मला एवढंच काम.

तेही दारापर्यंतच. पिशवी सिस्टरच्या हातात द्यायची आणि बाहेर बसायचं. आत आईबाप कधीही जाऊ शकत होते. आजोबाला दुपारी अर्धा तास, तोही आई नाहीतर बाप बरोबर असेल तर. कोपरापर्यंत हात धुवायचे, घड्याळ काढायचं, बोटातली अंगठी काढायची. माझी अंगठी लग्नापासूनची, निघेना. साबण लावून, पिळून पिळून ती काढली तेव्हा बोट सुजलं होतं. सिस्टर केरळची होती, हिंदी बोलायची. म्हणाली, "अंकल, गुस्सा मत करो." मी म्हटलं, "गुस्सा नहीं है, चेहरा ही ऐसा है."

पोर म्हणजे माझा पंजा आणि वर दोन बोटं, एवढीच. नाकातोंडात नळ्या, बेंबीत नळी, छाती भात्यासारखी आत-बाहेर. डोक्याशी टीव्हीसारखं यंत्र, त्यावर आकडे. इंग्रजी नसलं तरी आकडे मला कळतात. आयुष्यभर बॉयलरच्या काट्याकडे बघत बसलेला माणूस मी. आकडा खाली आला की यंत्र ओरडायचं आणि सिस्टर आपली सावकाश येऊन बटण दाबायची, पोरीला जरा हलवायची आणि परत जायची. मला ते बघवत नव्हतं. आमच्याकडे शिट्टी वाजली आणि माणूस चालत आला तर त्याला मी दुसऱ्या दिवशी कामावर घेतला नसता. मुलाला म्हटलं, "ही बाई पळत का नाही?" तो म्हणाला, "आबा, त्यांना माहितीय कधी पळायचं ते." बापाला असं उत्तर द्यायचं.

रोज संध्याकाळी मंडळींचा फोन.

"तीट लावली का?"

"इथं लावू देत नाहीत गं. अंगठीसुद्धा काढून घेतात."

"अहो, पोर अशी दिवसाढवळ्या काचेत ठेवलीय, येणारा-जाणारा बघतोय. एवढा बॉयलर सांभाळला म्हणता, आणि एक ठिपका लावता येईना?"

काजळाची डबी तिनंच माझ्या पिशवीत टाकली होती. घरचं काजळ, एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट धरून पाडलेलं. माझ्या मुलाला त्याचीच तीट लावली होती. दृष्टबिष्ट मी फारशी मानत नाही. पण दहा-बारा दिवस मी नुसता खुर्चीवर बसून होतो, आणि त्या पोरीसाठी माझ्या हातून होण्यासारखं हे एकच काम होतं.

एका दुपारी सूनबाई आणि मी आत होतो. ती दूध काढायला पलीकडच्या खोलीत गेली. सिस्टर शेजारच्या पेटीपाशी पाठमोरी. मी बोटाला काजळ लावून, वर रुमाल गुंडाळून तयारच होतो. कपाळावर लावलं तर पुसतील म्हणून विचार केला आणि डाव्या तळपायाला, टाचेच्या वर, लहानसा ठिपका दिला. पेटीचं हात घालायचं गोल दार लावलं आणि शहाण्यासारखा बाहेर येऊन बसलो. मनातून म्हणालो, यांना कळायचंसुद्धा नाही.

दहा मिनिटांत तीच सिस्टर पळाली.

मी तिला पळताना पहिल्यांदाच बघत होतो. मागून डॉक्टरीण, तिच्यामागून आणखी दोघं. पेटीवर मोठा दिवा आला. मी उठून काचेला डोकं लावलं, पण माणसांच्या पाठींपलीकडे काही दिसेना. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून सूनबाई आली, एका हाताने पोट धरलेलं, दुसऱ्या हाताने अंगावरची शाल. टाके ओले असलेली बाई अशी पळू नये. ती पळत होती.

झालं होतं ते मला नंतर मुलाकडून कळलं. बेंबीतल्या नळीमुळं कधी कधी एवढ्याशा लेकरांच्या पायाचं रक्त अडतं. तसं झालं की पाय काळा पडतो. पाय जाऊ शकतो. तळव्याला काळं दिसलं आणि त्यांना तेच वाटलं. सूनबाईला कोणीतरी इंग्रजीत तेवढंच सांगितलं होतं, लेग. मग डॉक्टरणीनं ओला कापूस फिरवला आणि सगळं काळं कापसावर आलं.

सगळे बाजूला झाले. सूनबाईनं कापूस बघितला, मग काचेतून माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. मुलगा ऑफिसातून टॅक्सी करून आला तेव्हा सगळं मिटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हात धुवायला गेलो तर सिस्टरनं कागद बघून मान हलवली. आत सोडायच्या माणसांच्या यादीत माझं नाव नव्हतं.

पुढचे सहा दिवस मी त्या हॉस्पिटलला मनसोक्त शिव्या घातल्या. माझं रक्त, माझी नात, आणि मला दारात अडवणारे हे कोण? मुलाला म्हटलं, अर्ज दे, साहेबाला भेट. तो बघतो म्हणाला आणि काही केलं नाही. या देशात राहायचा माझा पास महिन्याभराचा, त्यातले दिवस असे बाहेरच्या खुर्चीवर चालले होते. सकाळी पिशवी द्यायची आणि काचेतून कोपऱ्यातली पेटी ओळखायची. त्या दिवसांत तिची तोंडातली नळी निघाली, ते मी लांबूनच बघितलं. शेवटी एका सकाळी सिस्टरला सुनावलं. येत होतं तेवढं सगळं हिंदी वापरलं. पोरगी माझ्या मुलाची आहे, तुमच्या हॉस्पिटलची नाही, असंही बोललो.

ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "अंकल, हमने नहीं रोका. हम तो समझाके छोड़ देते. नाम मम्मी ने निकाला."

मी पिशवी तिच्या हातात दिली आणि बसस्टॉपवर जाऊन बसलो. दोन बस गेल्या. सुनेनं सासऱ्याचं नाव काढलं. आमच्याकडे असं कोणी ऐकलं नसेल. राग एवढा आला होता की तसंच विमानतळावर जावं. पण तिकीट आठ दिवसांनंतरचं होतं आणि ते कसं बदलायचं ते मला येत नव्हतं.

घरी आलो तर ती ओट्यापाशी बाटल्या उकळत होती.

"माझं नाव तू काढलंस?"

"हो."

"मला सांगायचं तरी."

"तुम्ही सांगितलं होतं का मला?"

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर लावू दिली असतीस?"

"नसती दिली. सांगून लावली असती तर पुसली असती." तिनं गॅस बंद केला. "पण मामंजी, ठाऊक असतं तर मी पळाले नसते. मला वाटलं, पाय गेला तिचा. तेवढ्या वेळात मी काय काय बघितलं ते तुम्हाला नाही कळायचं."

कारखान्यात माझ्या चुकीने एकदा वॉल्व्ह उघडा राहिला होता. तेव्हाही मी मॅनेजरपुढं मान खाली घातली नव्हती. उकळलेल्या बाटल्या चिमट्याने काढून तिनं एक एक फडक्यावर मांडल्या. मी ते सगळं होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.

"चुकलं माझं," मी म्हटलं. मोठ्यानं नाही म्हटलं.

ती बाटल्यांकडे बघत म्हणाली, "परवा दोन वाजता या. पण हात खिशात ठेवायचे."

परवा दोनला गेलो. यादीत नाव होतं. आत पेटी रिकामी होती. सिस्टरला हाक मारायला वळलो. मग दिसलं. सूनबाई खुर्चीत मागे रेलून बसली होती आणि पोर तिच्या उघड्या छातीवर पालथी, वरून पांघरूण. आता असं रोज ठेवायचं म्हणे, आईच्या उबेला. आईच्या उबेचं मला कोणी शिकवायला नको. पण सासऱ्यानं तिथं बसायचं कसं? मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीवर हात धुण्याची चित्रं होती. ती सगळी बघितली. पुन्हा बघितली. मागून पोरीचा कुं कुं असा आवाज येत होता. नळी असताना तिला आवाजच नव्हता.

"मामंजी," सूनबाई म्हणाली, "भिंत बघायला आलात का एवढ्या लांब?"

"बसलोय ते बरंय."

"पांघरूण आहे माझ्या अंगावर. वळा इकडं. ती जागी आहे."

वळायला मला वेळ लागला. खुर्ची जड होती. पोरीचे डोळे उघडे होते, एक जास्त, एक कमी. कपाळावर नळीच्या पट्टीचा लाल वळ. माझ्याकडे बघत होती असं म्हणणार नाही, त्या वयात त्यांना काही दिसत नाही म्हणतात.

सिस्टर आली आणि घड्याळ दाखवलं. अर्धा तास झाला होता. त्यातला निम्मा मी भिंतीला दिला होता, तो माझ्यामुळंच, हे मला माहीत होतं. मग ती म्हणाली, "अंकल, टाइम."

मी उठलो नाही.