बेटावरच्या सहा सोंगट्या

मागच्या आठवड्यात तुम्ही दोघांनी विचारलंत, की मी पाठवलेल्या मोहिमेतल्या त्या सहा सोंगट्या कोणाच्या, आणि त्या काहीच करत नाहीत तर ठेवल्या कशाला. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. आवाज तुटतो, आणि तुमचे मामाआजोबा मध्येच बोलतात. म्हणून क्रमाने लिहून पाठवते.

गेल्या सुट्टीत तुम्ही युद्धाच्या पटाचा तो खोका इथे ठेवून गेलात. त्यातलं इंग्रजी नियमांचं पुस्तक मी वाचलं आणि माझ्या थोरल्या भावाला, दादाला, मराठीत समजावून सांगितलं. तो फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाला, आणि वहिनी गेल्यापासून माझ्याकडे राहतो. पहिल्या दिवशी त्याला खेळ पोरकट वाटला. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन आले तर हा पट मांडून बसलेला. आम्ही खोक्यातल्या सगळ्या मोहिमा खेळून संपवल्या. काही तीनतीनदा.

मग तुमच्या क्लबचं पत्रक आलं. प्रत्येकाने स्वतःची एक मोहीम तयार करून आणायची: नकाशा, दोन्हीकडचं सैन्य, कोण कुठून येणार आणि जिंकला कोण हे कसं ठरवायचं. सगळं एका कागदाच्या दोन बाजूंवर मावलं पाहिजे, दोन तासांत संपलं पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना जिंकण्याची संधी सारखी हवी. तुमच्यातल्या थोरल्याने लिहिलं, "आजी, तू नियम नीट लिहितेस, आमच्यासाठी एक कर." मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. नियम लिहिणं मला जड नव्हतं. प्रश्न होता जागेचा. मी पन्हाळा सुचवला.

"पन्हाळा नगं," दादा म्हणाला. "बेट घे. समुद्रातनं चढाई. मला एक बेट ठावं हाय."

ते बेट त्याने पाहिलेलं नाही. आमच्या वडिलांनी पाहिलं होतं.

तुमच्या पणजोबांबद्दल तुम्हाला एवढंच माहीत आहे की ते नेसरीकडचे शेतकरी होते. त्याआधी ते दुसऱ्या महायुद्धात सैनिक होते. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांनी त्यांना पकडलं आणि आणखी बऱ्याच हिंदी कैद्यांबरोबर जहाजात घालून न्यू गिनीच्या बाजूला नेलं. तिथे त्यांनी खंदक खणले आणि विमानतळासाठी जमीन सपाट केली. युद्ध संपल्यावर ऑस्ट्रेलियन सैनिक आले. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण, कुठले. बाबांना इंग्रजीत सांगता आलं नाही. पुढे गावात कोणी मुलीला शाळेच्या पुढे शिकवत नव्हतं तेव्हा मला कोल्हापुरात ठेवून इंग्रजी शिकवलं, त्याचं कारण त्यांनी हे एकच सांगितलं होतं.

बाकी ते बोलत नसत. महाशिवरात्रीला घरात रताळी शिजायला लागली की उठून शेतावर जायचे; कैदेत तीच खाऊन जगले होते. फक्त दादा भरतीला निघाला त्या दिवशी त्यांनी अंगणात काठीने ते बेट काढून दाखवलं. अर्ध्या भाकरीसारखं, म्हणाले, आणि एका बाजूने चावलेली. चावलेल्या जागी खाडी. खाडीपुढे पोवळ्याच्या खडकांची रांग, पाण्याखाली. मागे विमानतळ. खाडीच्या काठाने त्यांनी स्वतः खणलेले खंदक.

दादाने ते डोक्यात ठेवलं होतं. पासष्ट वर्षांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर तेच बेट त्याने पेन्सिलने काढलं. पटाला षटकोन लागतात. त्यासाठी तो उद्यमनगरातल्या कारखान्यातून लोखंडाचा एक मोठा षटकोनी नट घेऊन आला आणि त्याच्याभोवती पेन्सिल फिरवून दोनशेच्यावर षटकोन काढले. एकही खाडाखोड नाही. सोंगट्या मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या कापल्या. खाडीच्या काठाला त्याने सहा सोंगट्या ठेवल्या आणि म्हणाला, "ही आपली माणसं. कैदी."

त्या बेटावर खरं तर समुद्रातून चढाई झालीच नाही. वरून विमानं यायची, तेवढंच. मी त्याला त्याची आठवण करून दिली.

"झाली असती तर, एवढं लिही की," तो म्हणाला. "खेळच हाय न्हवं?"

भरतीचा नियम मी लिहिला. चढाई करणाऱ्याच्या होड्या खडकांवरून जायच्या तर पाणी पुरेसं हवं. माझ्या नियमात प्रत्येक पाळीला पाणी एक फूट चढायचं, तिसऱ्या फुटाला इशारा पातळी, पाचव्या फुटाला होड्या पार. वरच्या मजल्यावर आमची भाडेकरू राहते. मूळची देवगडची, इथे बँकेत नोकरीला. रविवारी तिला चढाईच्या बाजूने बसवलं. तिने नियम दोनदा वाचले.

"काकू, हे पाणी उतरतं कधी?"

"चौथ्या दिवशी," मी म्हटलं.

"समुद्र आहे ना हा? मग चौथ्या दिवशी कसा उतरेल? सहा तास चढणार, सहा तास उतरणार. तुम्ही तर पंचगंगेचा पूर लिहिलाय."

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. "आमाला काय ठावं बाई. पाणी चढलं की बोचकं बांधून शाळंत ऱ्हायला जायचं, एवढंच आमाला कळतं."

मी नियम बदलला, फुटांचा हिशेब काढून टाकला. तीन पाळ्या भरती, तीन पाळ्या ओहोटी. आता मोहीम खरी अवघड झाली. ओहोटी लागायच्या आत होड्या आल्या नाहीत तर खडकांवर अडकायच्या, आणि काठावरच्या मशीनगनी त्यांना टिपायच्या. म्हणजे होड्या सोडायच्या आधी काठावर जहाजांवरून तोफा चालवणं भाग होतं. आणि काठावर ते सहाजण होते.

तोवर त्या सोंगट्या नुसत्या बसून होत्या. कोणाला अडचण नव्हती.

मी पहिला कच्चा कागद तुम्हाला पाठवला. थोरल्याचं उत्तर दोन दिवसांत आलं: बाकी उत्तम आहे, पण कैद्यांच्या सोंगट्यांचा उपयोग काय? त्यांना गुण तरी दे, नाहीतर काढून टाक. मला ते पटलं. खेळात ज्या गोष्टीला गुण नाहीत तिच्याकडे खेळणारा बघत नाही. विमानतळाला दहा गुण होते. मी कैद्यांची प्रत्येक सोंगटी वाचवली तर दोन गुण असं लिहिलं, आणि दादाला वाचून दाखवलं.

"बाबाचं दोन गुण?"

"प्रत्येक सोंगटीचे. तिला किंमत असल्याशिवाय कोणी वाचवणार नाही, दादा."

"किंमत लावली की हिशेब करतील."

"करू देत. त्यासाठीच गुण असतात."

"मास्तरीण, तू पेपर तपासत न्हाईस."

मी नियम तसाच ठेवला. पुढच्या रविवारी भाडेकरूला पुन्हा बसवलं. तिने पटाकडे पाहिलं, ओठ हलवून मोजलं आणि सहज म्हणाली, "दोन सोंगट्या गेल्या तर चार गुण जाणार. विमानतळाचे दहा मिळतात. सहा शिल्लक. मामा, तोफा टाकते हं मी."

तिचं काही चुकलं नव्हतं. नियमाप्रमाणे तीच खेळी बरोबर होती.

दादाने फासा उचलून बाजूला ठेवला. सोंगट्या एका हाताने टेबलाच्या कडेला सारल्या. नकाशाची चार घड्यांची घडी केली आणि तो शर्टाच्या खिशात घातला.

"ह्ये न्हाय पाठवायचं," म्हणाला. "माझा नकाशा हाय. न्हाय देणार."

भाडेकरू घाबरली. "मामा, मी काही चुकीचं बोलले का?"

"तू बरोबर खेळलीस बाळ. म्हणूनच."

दोन दिवस तो टेबलाकडे आला नाही. सकाळी रंकाळ्याला फिरायला जायचा, येऊन वर्तमानपत्र वाचायचा, जेवायचा. नकाशा एका शर्टाच्या खिशातून दुसऱ्या शर्टाच्या खिशात जायचा. क्लबचा दिवस जवळ आला होता. त्याला काय हवं होतं ते मला कळत होतं. बाबा तिथे होते हे एकाही कागदावर नाही. घरच्या ट्रंकेत फौजेचं जे पत्र आहे त्यात ते बेपत्ता आहेत, एवढाच मजकूर. पुढे ते परत आले, पण ते कुठून आले हे कोणी लिहून ठेवलं नाही. दादाला ते त्या बेटावर असायला हवे होते, पण वाचवल्याचं बक्षीस म्हणून नको होते. या दोन गोष्टी एका नियमात कशा बसवायच्या ते मला येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना मी त्याला विचारलं, "विमानं यायची तेव्हा बाबा काय करायचे? तुला सांगितलं होतं कधी?"

"खंदकात बसायचं. दुसरं काय?"

"वरच्यांना कळत नव्हतं, खाली कैदी आहेत म्हणून?"

"कसं कळणार? वरनं समदी सारखीच दिसायची."

मी भाजी तशीच ठेवली. टेबलावर सोंगट्या होत्या तशा पडलेल्या होत्या. काठावरच्या सगळ्या, मशीनगनी आणि कैदी मिळून, मी उपड्या केल्या. मागून सगळ्यांवर लग्नपत्रिकेची तीच लाल किनार. दादाला हाक मारली.

"बचाव करणारा या उपड्या मांडणार," मी सांगितलं. "कैदी काठावरच्या पहिल्या रांगेतच, कारण त्यांना तिथेच ठेवलं होतं. चढाई करणाऱ्याला माहीत नाही कुठली काय आहे. तोफ पडली की मग उलटायची. गुण नाहीत. ना मिळत, ना जात."

तो टेबलाजवळ आला. मग त्याने एक सोंगटी उलटून पाहिली. मशीनगन निघाली. ती परत उपडी ठेवली.

"आन् खेळ न्हाय बिघडत?"

"नाही. काठ झाकलेला असला की दोन्ही बाजू सारख्या होतात. उलट बरं झालं."

खिशातून नकाशा निघाला. घड्यांवर पेन्सिल पुसट झाली होती. त्या रेघा त्याने त्याच नटाने पुन्हा काढल्या. त्या सहांतली बाबांची सोंगटी कुठली, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही आम्हाला बघत नव्हतात म्हणून लिहिते. त्या दिवशी इथे सकाळ होती, तुमच्याकडे परदेशात आदली संध्याकाळ. भाडेकरूने तिचा लॅपटॉप खाली आणून व्हिडिओ कॉल लावून दिला. दादा इस्त्रीचा शर्ट घालून बसला. धाकटीने बचावाची बाजू घेतली होती, थोरल्याने चढाईची. पहिल्याच पाळीला थोरल्याने काठावर दोन ठिकाणी तोफा टाकल्या. धाकटीने पहिली सोंगटी उलटली. मशीनगन. तिकडे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. दुसरी उलटली. तिच्यावर मी लिहिलेलं होतं, 'कैदी'.

"आजी, किती गुण गेले?" थोरल्याने विचारलं.

"शून्य."

"मिळाले किती?"

"शून्य."

तो सोंगटीकडे बघत राहिला. तुमच्या मागे उभी असलेली मुलं सोंगटी बघायला पुढे वाकली. दादा लॅपटॉपच्या अगदी जवळ सरकला आणि नेहमीच्या आवाजात ओरडला, "थांबलास का रं? पाणी उतरायला लागंल. टाक पुढची पाळी!"

थोरला ती मोहीम जिंकला. सहांपैकी चार सोंगट्या पटावर राहिल्या. कॉल बंद झाल्यावर दादाने चहा मागितला.

त्यानंतर तुमचा तो निरोप आला. त्यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर वर दिलं. दुसरं तुम्ही विचारलंत, की तोफा टाकण्याआधी एक होडी काठाजवळ पाठवून कोण कुठे आहे ते बघता येईल असा नियम करता येईल का. मी दादाला वाचून दाखवलं.

"एक पाळी जाईल की त्याची," तो म्हणाला.

"जाईल."

"मग हरंल."

"बहुतेक."

नवा नियम खेळून पाहिल्याशिवाय मी तो कागदावर घालत नाही. काल दुपारी आम्ही पट मांडला. दादाने चढाई घेतली, मी बचाव. पहिल्याच पाळीला त्याने होडी पाठवली. मला तीन सोंगट्या उलटून दाखवाव्या लागल्या, त्यांत दोन कैद्यांच्या. त्या दोन जागा सोडून त्याने बाकी ठिकाणी तोफा टाकल्या. पण एक पाळी गेली होती. त्याच्या होड्या खडकांपाशी पोचल्या तेव्हा ओहोटी लागली होती. चार होड्या अडकल्या, विमानतळ माझ्याकडे राहिला.

"हरलास," मी म्हटलं.

"दिसतंय की. पुन्हा मांड."

संध्याकाळपर्यंत आम्ही पाच डाव खेळलो. पाचही वेळा त्याने होडी पाठवली. एकदाच जिंकला, तोही माझा फासा वाईट पडला म्हणून. म्हणजे खेळ जरासा बचावाच्या बाजूने कलतो. क्लबला सारखी संधी हवी, हे मला माहीत आहे. तरी हा नियम मी घालते आहे, कारण होडी पाठवायचीच असं कोणावर बंधन नाही. तुमच्या कागदावर अकराव्या नियमाखाली हा लिहून घ्या:

बारा. तोफा टाकण्याआधी चढाई करणाऱ्याला टेहळणीची एक होडी पाठवता येते. ती काठावरच्या कोणत्याही तीन सोंगट्या उलटून पाहते. यात एक पूर्ण पाळी जाते. याचे गुण मिळत नाहीत.