खांबाला लावलेलं कुंकू

आष्टीच्या बाजारातून नवऱ्यानं दोन वर्षांची घोडी आणली. विकणाऱ्यानं त्याला एवढंच सांगितलं होतं, की हिला हात लावलेला खपत नाही. हौस त्याची आणि ओवाळायला मी. नवं जनावर बिनकुंकवाचं बांधायचं नाही, ही आमच्या घरची रीत.

आजवर मी बैलांनाच कुंकू लावलेलं, म्हणून ताट घेऊन सरळ समोरून गेले. हात वर करताच तिनं कान मागं पाडले, डोळ्यांतलं पांढरं दिसलं आणि ती मागच्या पायांवर उभी राहिली. खूर माझ्या तोंडासमोर होते. ताट पडलं.

"मागं सर, लई जवळ गेलीस," नवरा दोर ओढत ओरडला.

"राहू दे बाई, खांबाला लाव. देवाला समजतंय," सासूबाई म्हणाल्या.

बोटावरचं ओलं कुंकू मी गोठ्याच्या खांबाला फासलं आणि घरात पळाले.

सकाळी लीद काढायला पाय उचलेना. दारातून पाहिलं, तर तिच्या कपाळावर लाल फराटा. खांबाला तिनं आपणहून कपाळ घासलं होतं. मी मात्र दारातच, रिकामं घमेलं पोटाशी धरून.