सज्ज्यातली साडी

बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीत बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी आहे. हा नियम मीच भांडून करून घेतला. तरीही ग्रीसमधल्या एका बेटावरच्या जुन्या, राजेशाही हॉटेलात उतरल्यावर पहिल्याच सकाळी मी साडी धुतली आणि सज्ज्याच्या संगमरवरी कठड्यावर पसरली. एवढं ऊन फुकट जात होतं!

थोड्याच वेळात दार वाजलं. पांढरे हातमोजे घातलेला म्हातारा दरवान जिने चढून धापा टाकत होता. खाली एक नवरी फोटोसाठी ताटकळली होती आणि हॉटेलच्या प्रत्येक फोटोत माझी नारिंगी साडी येत होती.

“मॅडम,” तो अदबीनं म्हणाला, “या कठड्यावर आजवर फक्त राजांचे झेंडे लागलेत.”

मी साडी घाईघाईनं ओढली, पण ओलं ओझं एकटीला आवरेना. त्यानं हातमोजे काढून खिशात ठेवले, दुसरं टोक धरलं आणि झेंड्याची घालावी तशी चौकोनी घडी घालून साडी माझ्या हातांवर ठेवली. शिवाय मान लववली.

बेळ्ळंदूरला परतले, तर समोरच्या बाल्कनीत कुणाची तरी लुंगी फडकत होती.

“अक्का, नोटीस लावू?” वॉचमननं उत्साहानं विचारलं.

“स्वल्प थांब,” मी म्हटलं. “वाळली की लाव.”